रिकाम्या ट्रकची उंची

१९७०च्या आसपासचा एखादा शेवरले सी-२० पिकअप रिकामा उभा असताना बाजूने बघावा. नाक खाली आणि पाठ वर, शिंगे रोखून उभ्या राहिलेल्या वळूसारखा. यात कारखान्याची चूक काही नाही. ही गाडी पाऊण टनी म्हणून ओळखली जाई. अमेरिकी टन दोन हजार पौंडांचा आणि तिथली सिमेंटची गोणी ९४ पौंडांची, म्हणजे साधारण ४३ किलोंची. पाऊण टन म्हणजे अशा सोळा गोण्या. त्या हौद्यात रचल्या की मागच्या स्प्रिंगा दबतात, पाठ उतरते आणि गाडी जमिनीला समांतर होते. आपल्याकडच्या गाडीवानाला हे समजावून सांगावे लागत नाही. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. पुढे जास्त झाला की मान दबते. गाडीचा तोल मालासकट धरायचा असतो आणि डेट्रॉइटच्या इंजिनिअरांनीही तो तसाच धरला होता. म्हणून मालवाहू गाडीला उंच्या दोन, एक रिकामी आणि एक भरलेली. कॅलिफोर्निया-टेक्ससमध्ये जुने पिकअप आणि सबर्बनसारख्या थोराड गाड्या खाली बसवण्याची जी रीत रुजली, तिच्याकडे बहुतेक जण कामाच्या वस्तूशी केलेला पोरखेळ म्हणून पाहतात. माझे म्हणणे वेगळे आहे. गाडी खाली बसवणारे लोक ओझ्याच्या विद्येतूनच आले. त्यांची जवळजवळ प्रत्येक युक्ती माल वाहणाऱ्यांच्या हत्यारपेटीतून उचललेली आहे आणि त्यांनी ट्रकला दिलेली उंची मुळात त्या ट्रकचीच आहे, भरलेल्या ट्रकची.

आधी ही उंची आली कुठून ते पाहू. १९०४ साली अमेरिकेच्या सरकारने देशातल्या ग्रामीण रस्त्यांची मोजदाद केली. रस्ते निघाले साडेएकवीस लाख मैल आणि त्यांतले खडी-मुरूम घातलेले जेमतेम सात टक्के. बाकी सगळी माती. पावसात चिखल आणि उन्हाळ्यात चाकोऱ्या. १९०८ची फोर्ड मॉडेल टी उंच पायांवर उभी होती ती याच चाकोऱ्यांसाठी. फोर्डने १९२५मध्ये तिला मागे पत्र्याचा छोटा हौदा लावून २८१ डॉलरला पिकअप म्हणून विकायला काढले, तेव्हा ती उंची वारसाहक्काने पिकअपकडे आली. तिच्यात ओझ्यासाठी जाड केलेल्या स्प्रिंगांची भर पडली. पुढे रस्ते बदलले. १९१६मध्ये रस्त्यांसाठी केंद्राचे पैसे यायला लागले, १९५६च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचा घाट घातला आणि चाकोरी नावाची गोष्ट शहरी माणसाला आठवेनाशी झाली. पाय मात्र उंचच राहिले. ही विसंगती सगळ्यात आधी दिसली ती कारखान्यांनाच. हडसन कंपनीने १९४८मध्ये मोटारीची फरशी चासीच्या दोन दांड्यांच्या मध्ये खाली सोडली. आत बसताना पाऊल खाली टाकावे लागे, म्हणून लोक तिला ‘स्टेप-डाउन’ म्हणू लागले. याच ठेंगण्या बांधणीच्या हडसन हॉर्नेटने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॉककार शर्यतींत प्रतिस्पर्ध्यांना जेरीस आणले. फोर्डची रँचेरो १९५७ची, शेवरलेची एल कॅमिनो १९५९ची. दोन्ही म्हणजे मोटारीच्या ठेंगण्या अंगावर बसवलेला हौदा. १९६०च्या शेवरले पिकअपची चासी केबिनखाली मुद्दाम वाकवून खाली आणली होती. तेव्हा गाडी खाली आणणे हा रस्त्यावरच्या पोरांचा शोध आहे असे म्हणणाऱ्याने आधी कंपन्यांची जुनी माहितीपत्रके चाळावीत.

तरीही पोरांचा वाटा मोठा आहे आणि तो नेमका कशात आहे हे पाहण्यासारखे आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात गाडी खाली करण्याचे दोन प्रवाह दिसतात. एक वेगवाल्यांचा. म्यूरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात जुन्या फोर्ड पळवणाऱ्यांनी १९३७मध्ये आपली संघटना बांधली. ते गाडी खाली करत ती वाऱ्यासाठी आणि तोलासाठी. दुसरा प्रवाह पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्तीचा. तिथल्या तरुणाला नवी गाडी परवडत नव्हती, जुनी परवडत होती. संध्याकाळी व्हिटियर बुलेव्हार्डवरून ती सावकाश फिरवायची, बघायचे आणि बघू द्यायचे. हळू जाण्यातच रुबाब. यासाठी गाडी खाली बसलेली हवी आणि त्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे निघालेला पहिला तोडगा म्हणजे डिकीत रेतीची किंवा सिमेंटची पोती टाकणे. या तोडग्यापाशी जरा थांबायला हवे. गाडी खाली करण्याचे पहिले साधन प्रत्यक्ष ओझे होते! ज्या वस्तीतली माणसे दिवसभर बांधकामावर, गोदामात, शेतमळ्यात पोती उचलत, त्यांना पोत्याने गाडी किती दबते हे कुणी शिकवायला नको होते. भरलेल्या गाडीची जमिनीला धरून जाणारी, जड, दमदार चाल त्यांच्या नजरेत बसलेली होती. त्यांनी ती कामाच्या वेळेतून उचलली आणि रविवारच्या संध्याकाळी आणून ठेवली.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ही सगळी ओळखीची गोष्ट आहे, यंत्राची नाही, असे अनेक अभ्यासक म्हणतात. ज्या समाजाला १९४३च्या झूट सूट दंगलीत केवळ ढगळ कपड्यांवरून रस्त्यात मार खावा लागला, त्याने आपली गाडी वेगळी, लखलखीत आणि संथ केली ती ‘आम्ही इथे आहोत’ हे सांगण्यासाठी, स्प्रिंगांच्या शास्त्रासाठी नव्हे. मला यातले काहीच नाकारायचे नाही. पण ओळख सांगायला हजार मार्ग असतात. रंग होता, क्रोम होता, गाद्यांचे मखमल होते आणि त्यांनी ते सगळे वापरलेही. मग उंचीवरच इतका जीव का? कारण उंची बदलायला हात लागतो. रंग पैसे देऊन लावून घेता येतो, पण स्प्रिंग कापायची तर किती वेटोळी कापली म्हणजे गाडी किती उतरेल, उरलेल्या स्प्रिंगेवर किती भार येईल आणि खड्ड्यात ॲक्सल चासीवर आदळेल की नाही, याचा हिशेब करणारा माणूस घरात किंवा गल्लीत लागतो. तसा माणूस त्या वस्तीत होता, कारण ट्रकच्या दुरुस्तीचे, वेल्डिंगचे, गोदीचे काम तीच वस्ती करत होती.

कायद्याने या गोष्टीला जो वेग दिला तो कायदा करणाऱ्यांना अभिप्रेत नसावा. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत २४००८ हे कलम आले. मूळ रचनेत फेरफार करून गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळटोकाखाली आणलेला नसावा, असे ते कलम. त्यामागे तर्कही होता. टायर फुटला तर गाडी रिमवर टेकते आणि रिमच्या खाली लोंबणारे काही असेल तर ते रस्त्याला घासते. पण कलम हातात पडले ते रस्त्यावरच्या पोलिसाच्या, आणि गाडी थांबवायला त्याला एक निमित्त मिळाले. त्या कलमाची व्याप्तीही वाचण्यासारखी आहे: प्रवासी गाड्या आणि ६,००० पौंडांखालची व्यापारी वाहने. म्हणजे रिमची रेघ आखताना कायद्यानेही वजनाचा काटा पुढे ठेवला होता. याच सुमारास, १९५९मध्ये, सॅन बर्नार्डिनो भागातल्या रॉन अगीरे या तरुणाने वडिलांच्या मदतीने आपल्या १९५७च्या कॉर्व्हेटला विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडर बसवले. ‘एक्स-सॉनिक’ नावाने ही गाडी प्रदर्शनांत गाजली. खटका दाबला की गाडी खाली, पुन्हा दाबला की कायद्याच्या रेघेवर. युद्धानंतर विमानांचे सुटे भाग कॅलिफोर्नियात किलोवर मिळत होते. ते संपत आले तशी लोकांची नजर गेली ट्रकच्या मागच्या उचल-फळीकडे. जड माल जमिनीवरून हौद्यापर्यंत उचलणारी ती फळी, तिचा पंप, तिचे सिलिंडर, तिच्या बॅटऱ्या. रेतीच्या पोत्यानंतर गाडी खाली-वर करण्याच्या दुसऱ्या मोठ्या साधनाचे भागही असे हमालीच्या धंद्यातूनच येऊ लागले. २४००८ हे कलम रद्द झाले ते २०२३च्या ऑक्टोबरमध्ये राज्यपालांची सही झालेल्या कायद्याने, १ जानेवारी २०२४पासून. साठहून जास्त वर्षे ते पुस्तकात होते.

आता ट्रककडे वळू, कारण खरी परीक्षा तिथे आहे. मोटार खाली आणणे सोपे, तिच्या स्प्रिंगा मऊ असतात. पाऊण टनी ट्रकच्या स्प्रिंगा रिकाम्या असताना जवळजवळ हलतच नाहीत. त्यांना दाबायला पोती लागतात आणि पोती काढली की त्या पुन्हा ताठ. १९७३नंतरच्या शेवरले पिकअपला मागे पाट्यांची चळत असते. वर लांब पाटा, खाली एकाहून एक आखूड आणि भारी गाडीत आणखी एक जाड पाटा, जो भार पडल्यावरच वरच्या पाट्यांना जाऊन टेकतो. रिकाम्या गाडीत तो नुसता वाट बघत असतो. अशा चळतीतून एक-दोन पाटे काढून टाकले की गाडी उतरते, पण उरलेले पाटे वाहून नेण्याच्या कामाचे राहत नाहीत. शिवाय ब्रेक लावताना ॲक्सल पीळ खाऊ लागतो. जाणता मिस्त्री म्हणून पाट्यांना हात लावत नाही. या गाड्यांत ॲक्सल पाट्यांच्या खाली यू-बोल्टने बांधलेला असतो. तो सोडून पाट्यांच्या वर बांधला की पाटे तेच, त्यांचा ताठपणा तोच आणि गाडी मात्र पाच-सहा इंच खाली. एवढी खाली, की ॲक्सलची नळी चासीच्या दांडीला भिडते. मग दांडीत नळीवरच्या जागी कमानीसारखी खाच कापायची आणि कापल्याने गेलेली ताकद भरून काढायला तिथे जाड पोलादाची सी-आकाराची पट्टी बोल्ट करून बसवायची. पुढच्या बाजूला स्प्रिंग न कापता चाकाचा आस ज्या ओतीव तुकड्यावर असतो तो तुकडाच बदलतात. नव्या तुकड्यावर आस दोन-अडीच इंच वर सरकवलेला असतो. चाक वर गेले, म्हणजे गाडी खाली आली आणि स्प्रिंगेला याचा पत्ताही नाही. १९६३ ते १९७२च्या शेवरले सी-१० गाड्यांना मागेही वेटोळ्या स्प्रिंगा आहेत आणि ॲक्सल इकडेतिकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा आहे, एक टोक चासीला आणि दुसरे ॲक्सलला. गाडी उतरवली की या दांड्याचा कोन बदलतो आणि अख्खा ॲक्सल एका बाजूला सरकतो. मागचे एक चाक बाहेर आणि एक आत. नवशिक्याच्या गाडीला मागून बघितले की हे लगेच ओळखू येते.

या बारकाव्यांत शिरलो ते एवढ्यासाठी की गाडी खाली बसवण्यात चांगले काम आणि वाईट काम असा भेद आहे आणि तो भेद ओझ्याच्या विचारावरच ठरतो. गॅसची ज्योत लावून स्प्रिंग लाल करायची आणि गाडी आपल्याच वजनाने बसू द्यायची, ही जुन्या काळातली फुकटातली युक्ती. त्याने पोलादाचा कस जातो आणि स्प्रिंग दोन्ही बाजूंना सारखी बसेल याची खात्री नसते. जास्त कापलेली स्प्रिंग खड्ड्यात चाक लोंबले की बैठकीतून सुटू शकते. रबराच्या ठोकळ्यावर टेकून चालणारी गाडी म्हणजे स्प्रिंग नसलेली हातगाडी. हे सगळे झालेले आहे आणि आजही होते. सुरक्षेच्या नावाने या रिवाजावर जी टीका होते ती अशा कामांना पुरेपूर लागू आहे. पण ती ‘खाली’पणाला लागू होत नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००१च्या मॉडेलांपासून गाडी उलटण्याच्या धोक्याची जी प्रतवारी सुरू केली, तिचा पाया एक साधा भागाकार आहे. दोन चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचे. मोटारींचे उत्तर बहुधा १.३ ते १.५, एसयूव्ही आणि पिकअपचे १ ते १.३. उत्तर जितके लहान तितकी गाडी उलटायला तयार. उंच एसयूव्ही नीट खाली आणली तर भाजक घटतो आणि उत्तर सुधारते. यात मत असण्यासारखे काही नाही.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे. कामाचे अवजार शोभेचे केले, असा तो आक्षेप. नांगराचा फाळ दिवाणखान्यात टांगावा तसे. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या कुणालाही हा बोल लागतो आणि अमेरिकेतही जुन्या पिढीचे शेतकरी असेच बोलतात. पण क्रम तपासला पाहिजे. ओझे आधी गेले आणि उंची नंतर. पन्नास वर्षांचा ट्रक आज कोणी गोण्या वाहायला काढत नाही, मालक त्याचे सुटे भाग सांभाळत बसतो. युद्धानंतरच्या उपनगरांत पिकअप हळूहळू दुसरी मोटार झाला, हौद्यात रविवारी गवत कापायचे यंत्र आणि एरवी काहीच नाही. फोर्डने १९९३मध्ये आपला लाइटनिंग पिकअप कारखान्यातूनच थोडा खाली बसवून बाजारात आणला आणि तो वेगाच्या हौशीसाठी आहे हे लपवलेही नाही. अवजाराचे शोभेत रूपांतर करणारा माणूस म्हणून गल्लीतल्या मिस्त्रीकडे बोट दाखवणे मला अन्यायाचे वाटते. उलट त्याने त्या यंत्रातला एक झाकलेला गुण उघडा केला. १९६०पासूनच्या शेवरले पिकअपला मागचा ॲक्सल धरायला केबिनखालून निघालेले दोन लांब हात होते. ही मांडणी माल नेण्यासाठीची, पण शर्यतवाल्यांनी ती ओळखली आणि स्टॉककारच्या सर्वोच्च मालिकेतल्या गाड्या २०२२ची नवी गाडी येईपर्यंत याच ‘ट्रक-आर्म’ मांडणीवर धावत होत्या, जमिनीला पोट टेकेल इतक्या खाली.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळे उलटे वाटेल आणि तसे वाटण्याला कारण आहे. इथल्या ट्रक दुरुस्तीच्या टपरीवर पाट्यांचे काम निघते ते नेहमी वरच्या दिशेने: पाटा वाढव, बसलेला पाटा ठोकून पुन्हा वाकव, जादा मालाला गाडी टिकली पाहिजे. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलाला आडवे येते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये ते कडक वाचले आहे. पण बारकाईने पाहिले तर दोन्हीकडचा मिस्त्री एकाच गोष्टीशी झगडतो आहे. कारखान्याने मनात धरलेले ओझे आणि प्रत्यक्षातले ओझे यांचा मेळ बसत नाही. इथे प्रत्यक्षातले जास्त, म्हणून गाडी वर करावी लागते. तिथे प्रत्यक्षातले शून्य, म्हणून ती खाली आणावीशी वाटते.

तिसरे साधन हवेचे, आणि त्याची कुळकथा पहिल्या दोघांसारखीच निघते. जनरल मोटर्सने १९५४मध्ये ग्रेहाउंड कंपनीसाठी बांधलेल्या सीनिक्रूझर बसला पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेने भरलेल्या रबरी पिशव्या होत्या, कारण बस कधी रिकामी असते, कधी खचाखच, आणि हवेचा दाब माणसांच्या संख्येप्रमाणे बदलता येतो. १९५७च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूममध्ये ही सोय मोटारीत आणली गेली, पण पिशव्या गळू लागल्या आणि अनेक मालकांनी त्या काढून साध्या स्प्रिंगा घालून घेतल्या. मोटारींनी सोडलेली हवा बसने आणि ट्रकने सोडली नाही. जादा ओझे नेणाऱ्या पिकअपवाल्यांसाठी चासी आणि ॲक्सलच्या मध्ये घालायच्या छोट्या मदतनीस पिशव्या बाजारात आल्या. गाडी खाली बसवणाऱ्यांनी त्याच उचलल्या आणि हिशेब उलटा केला. आज कॅलिफोर्नियातल्या एखाद्या वाहनतळावर जुना सबर्बन येऊन उभा राहतो, चालक कळ दाबतो, पिशव्यांतली हवा सुसकाऱ्यासारखी निघून जाते आणि दोन टनांहून भारी गाडीची चासी डांबरावर टेकते. परत निघताना पंप घरघरतो, पोट जमिनीपासून सुटते. मागे खरोखरच सोळा गोण्या ठेवल्या, तर हवा भरायची कळ आणखी थोडा वेळ दाबून धरायची आणि दाबाचा काटा इतका चढवायचा की गाडी पुन्हा समांतर होईल.